जुनी चालतेय तोवर

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे, भिंतीवरच्या फोटोची तर मुळीच नव्हे. तुम्ही फोनवर किंवा संगणकावर जी संकेतस्थळं उघडता, ती उभी करायला एक तयार सांगाडा लागतो. दार कुठं, बिजागरी कुठली, आत आलेल्या माणसाला कुणीकडे न्यायचं, हे सगळं दर वेळी नव्यानं कोण करत बसणार? म्हणून ते एकदाच नीट करून ठेवतात आणि ज्याला हवं तो घेऊन जातो. धंद्यातले लोक मला फ्रेमवर्क म्हणतात. मी मात्र स्वतःला चौकटच म्हणते.

माझा जन्म एका घरात झाला नाही. निरनिराळ्या गावांत बसलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या पुष्कळ माणसांनी मिळून मला घडवलं. ती पगारासाठी काम करत नव्हती, हौसेनं करत होती, त्यामुळे भांडतही हौसेनंच होती. माझी एक बिजागरी डावीकडे असावी की उजवीकडे, यावर त्यांचा वाद चांगला महिनाभर चालला होता. माझ्याआधी एक थोरली चौकट होती. मी आले तेव्हा तिच्या बाजूची माणसं माझ्याकडे बघून नाक मुरडत. कालचं पोर, हिला काय ओझं पेलवणार, असं म्हणत. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. आता त्या थोरलीची आठवण अधूनमधून येते.

ताईनं मला घेतलं ते मी बाहेर पडले त्याच दिवशी. ताई म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी. तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं मिळून एक लहानसं ऑफिस आहे, दोन टेबलं, चार खुर्च्या आणि कायम गरम झालेला एक चहाचा थर्मास एवढंच. तिला नुकतंच पहिलं मोठं काम मिळालं होतं. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत, त्यांचं रक्त मशीननं स्वच्छ करायचं एक डायलिसिस सेंटर होतं. तिथल्या रोग्यांना आठवड्यातून तीनदा यावं लागतं. कुणाला कोणत्या वेळेला कोणती खुर्ची, कुणाचे रिपोर्ट काय आले, हे त्यांना घरबसल्या दिसावं, असं संकेतस्थळ करायचं होतं. ताई तेव्हा उतावळी होती. सगळ्यात नवी कोण, एवढंच तिनं पाहिलं आणि मला उचललं.

पुढचं वर्ष तिला फार जड गेलं. माझ्या कर्त्यांचं माझ्याबद्दल अजून एकमत झालं नव्हतं. त्यांनी माझी रचना एकदा बदलली, ताईनं बसवलेली सगळी दारं वाकडी झाली. तिनं ती परत बसवली, तर त्यांनी पुन्हा बदलली. ताई रडकुंडीला आली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तसं झालं. त्या वर्षी तिनं स्वतःला एक नियम घालून घेतला. कोणतीही नवी वस्तू आली की तिची तिसरी दुरुस्ती येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पहिल्या दुरुस्तीत ढोबळ चुका जातात, दुसरीत पहिलीनं केलेल्या चुका जातात, तिसरीनंतर वस्तू माणसात येते, असं ती म्हणायची.

मग माझे बरे दिवस आले. सेंटरमध्ये पाणी शुद्ध करायच्या टाक्या आहेत, त्यांच्या शेजारच्या खोलीत एका संगणकात मी राहत होते. पंपांची घरघर चालू असायची. सकाळी साडेपाचपासून रोगी मला उघडत. मी प्रत्येकासाठी त्याचं पान त्या क्षणी नव्यानं तयार करून द्यायची. मला थोडा वेळ लागायचा, पण दिलेलं पान ताजं असायचं. सिस्टरबाई म्हणजे तिथली मुख्य नर्स, तिला कधी रजेवर जायचं झालं तर ती म्हणायची, मी नसले तरी चालेल, हे पान बंद पडता कामा नये. इतकं कौतुक कुणाला आवडणार नाही? मी फुगले होते हे कबूल करते.

याच काळात ताईचे मामा सेंटरमध्ये रोगी म्हणून येऊ लागले. ते जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच, हाडकुळे आणि जिभेनं तिखट. खुर्चीत बसल्या बसल्या ते शेजारच्यांना सांगायचे, लिफ्ट चालू असताना मेकॅनिकला कुणी ओळख देत नाही, बंद पडली की सगळ्यांना त्याच्या मुलाबाळांची आठवण येते. ताईच्या वडिलांमागे या घराचं सगळं मामांनीच पाहिलं होतं. आता ते ताई आणि धाकट्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहत आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार माझं पान बघून निघत.

आणि मग माझ्याच कर्त्यांनी जाहीर केलं की नवी आली.

नाव माझंच, पुढची पिढी म्हणून. सगळं पहिल्यापासून लिहिलेलं. माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. ती पानं आधीच तयार करून ठेवते आणि मागेल त्याला लगेच देते. धाकट्यानं हे वाचलं आणि त्याला घरी चैन पडेना. तो ताईच्या मागे लागला की आजच बदलू. ताई म्हणाली, नव्याचे नऊ दिवस, तिसरी दुरुस्ती येऊ दे. तो म्हणाला, तोपर्यंत आपण म्हातारे होऊ. जेवताना तेच, जिन्यात तेच. शेवटी कटकट नको म्हणून ताईनं नवीला एक पान दिलं. नेमकं खुर्च्यांच्या वेळांचं पान. तेच जास्त उघडलं जातं, मग वेग कळेल, असा दोघांचा विचार होता.

मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवसांत मला झोप नव्हती. माझ्या हातातलं सगळ्यात महत्त्वाचं पान काढून तिला दिलं होतं. ती ते डोळ्याचं पातं लवायच्या आत द्यायची. रोगी खूश, धाकटा तर छाती काढून फिरत होता.

पण नवीला एक गोष्ट आधी सांगावी लागते. कोणतं पान तयार ठेवलेलं चालेल आणि कोणतं दर वेळी ताजं करायचं, हे तिला आपणच बजावायचं असतं. माझ्याकडे सगळंच ताजं व्हायचं, त्यामुळे भावंडांना ही सवयच नव्हती. त्यांनी तिला काही सांगितलंच नाही. एका गुरुवारी एक मशीन बिघडलं आणि सिस्टरबाईनं मामांची वेळ दुपारवरून सकाळी ओढून घेतली. नवी मात्र आदल्या दिवशी तयार केलेलंच पान देत राहिली. मामांनी पान पाहिलं, दुपारची वेळ वाचली आणि निवांत दाढी करत बसले. दुपारी पोहोचले तेव्हा त्यांची वेळ निघून गेली होती आणि एकही खुर्ची मोकळी नव्हती. त्यांना दुसऱ्या दिवशी खुर्ची मिळाली. तोवर पाय सुजले होते आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागत होती.

ताईनं त्याच दिवशी ते पान परत माझ्याकडे दिलं. मला आनंद झाला. मामांच्या धापेपायी झाला, ही त्यातली वाईट गोष्ट, पण झाला. धाकटा मान खाली घालून बसला होता. ताई त्याला रागावली नाही, कारण पान तिनंही दिलंच होतं. तिनं फक्त नियम आणखी घट्ट केला.

इथून माझी खरी घालमेल सुरू झाली. नवीची पहिली दुरुस्ती आली. दुसरी आली. तिसरीही आली. मी म्हटलं, आता माझं काही खरं नाही. पण तिसरीच्या पाठोपाठ नवीचा पुढचा क्रमांक, म्हणजे तिचीच बदललेली आवृत्ती आली, आणि ताई म्हणाली, आता ही वेगळीच झाली, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. धाकट्यानं कपाळावर हात मारला. त्यानंतर ताई दर वेळी मोजायला सुरुवात करायची आणि दर वेळी मध्येच काहीतरी निघायचं. भिजत घोंगडं पडलं ते पडलं. मी राहणार की जाणार हे मला कळेना. एखाद्याला घरातून जा म्हणावं किंवा राहा म्हणावं. उंबऱ्यावर उभं करून ठेवू नये.

त्यातच माझ्या कर्त्यांनी सांगितलं की ते आता जुनीकडे बघणार नाहीत. ज्यांनी माझ्या एका बिजागरीसाठी महिनाभर भांडण केलं, ते सगळे नवीकडे गेले होते. त्यांना नावं ठेवत नाही. हौसेनं काम करणारा माणूस किती ठिकाणी पुरणार?

पुढे एका दुपारी धाकटा ऑफिसात आला तो बातमी घेऊनच. दुसऱ्या एका शहरातल्या वाचनालयाचं संकेतस्थळ चोरांनी फोडलं होतं. वाचकांची नावं, पत्ते, फोन नंबर सगळं बाहेर गेलं होतं. ते संकेतस्थळ माझ्याच साच्यातल्या चौकटीवर उभं होतं. माझ्या अंगात एक भोक होतं, पहिल्यापासूनच होतं, पण आजवर कुणाला दिसलं नव्हतं. कर्त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. जुनीला दुरुस्ती मिळणार नाही, नवी घ्या.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात काहीतरी पालटलं. तोपर्यंत मी माझ्या जागेसाठी तळमळत होते. आता मला माझ्या आत काय ठेवलंय ते आठवलं. कुणाला कावीळ होऊन गेली, कुणाच्या रक्तात काय सापडलं, कुणी घरी न सांगता उपचार घेतोय, हे सगळं माझ्या मागच्या खोलीत होतं. ती माणसं मला विश्वासानं सगळं देत होती, आणि माझ्या भिंतीला भोक होतं. मला ओरडून सांगता येत नव्हतं. आमच्या जातीला जे विचारलं जाईल तेवढंच उत्तर देता येतं.

ताईनं घाईघाईनं माझ्या बाहेर एक राखणदार बसवला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणारा दुसरा एक प्रोग्रॅम. थोडं बरं वाटलं. पण कुणीतरी येऊन कडी हलवून बघतंय, हे मला रोज जाणवायचं. राखणदार त्याला हाकलायचा. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाजूनं यायचा. भोक कुठं आहे ते सगळ्या जगाला कळलं होतं, आणि राखणदार एकटा होता.

त्यावरून भावंडांचं कडाक्याचं भांडण झालं. ताई म्हणत होती, मागच्या वेळी एक पान बदललं तर मामांचा जीव टांगणीला लागला, आता सगळीच पानं बदलायची म्हणतोस?  धाकटा म्हणाला, "ताई, तुला चौकट सांभाळायचीय की माणसं?"

 ताई लॅपटॉप उचलून सेंटरमध्ये गेली. शनिवार होता, मामांचं डायलिसिस चालू होतं. ती त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. लॅपटॉपवर मीच उघडी होते, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. तिनं मामांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या डाव्या हाताची नस दोरखंडासारखी फुगलेली होती आणि तिच्यात दोन सुया होत्या.

मामांनी डोळे उघडले आणि त्या हाताकडे हनुवटीनं खूण केली. "ही नस अशी जन्मापासून नव्हती, माहितीये ना? मशीनच्या सुयांसाठी डॉक्टर करून देतात. छोटं ऑपरेशन असतं, आणि मग तिला तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. मला वर्षभर आधी सांगितलं होतं, किडनी अजून थोडी चालतेय तोवर करून घ्या."

ताई म्हणाली, "मग तुम्ही केली नाही?"

"नाही ना. म्हटलं, चालतेय ना अजून, मग आत्ताच कशाला हात कापून घ्यायचा. आज करू, उद्या करू. लिफ्टवाल्याला तुम्ही लोक शेवटच्या क्षणी बोलावता म्हणून मी बोंब मारायचो, आणि स्वतःचं मात्र तेच केलं. एक दिवस श्वासच घेता येईना. तेव्हा नस कुठली आणायची? मानेत नळी घातली. ती जागा पिकली, ताप भरला, महिनाभर नुसता तडफडलो. तुला सांगितलं नव्हतं सगळं."

ताईनं त्यांचा दुसरा हात धरला. ती म्हणाली, "पण मामा, नवीनं तुमचीच वेळ चुकवली होती."

"चुकवली. ही नवी नस पण पहिल्या दिवशी फुटली होती. सिस्टरनं सुई लावली आणि हात कोपरापर्यंत काळानिळा. म्हणून काय जन्मभर मानेत नळी ठेवायची? चार दिवस थांबलो, बारीक सुई घेतली, हळूहळू जमवलं."

"मग करायचं केव्हा?"

"जुनी चालतेय तोवर," मामा म्हणाले. "बंद पडल्यावर विचारायचा प्रश्न नाही हा."

मशीनची शिट्टी वाजली, सिस्टरबाई आली आणि बोलणं तिथंच थांबलं. ताई मात्र उठली नाही. तिनं तिथंच स्टुलावर बसून धाकट्याला फोन लावला आणि सोमवारपासून सुरू करायचं म्हणून सांगितलं. पहिली दुरुस्ती का तिसरी, हे तिनं विचारलं नाही. मला हायसं वाटलं आणि भीतीही वाटली.

मग नवीला माझ्या शेजारीच आणून बसवलं. मी चालू, ती पण चालू. पहिल्यांदा तिला सेंटरचा पत्ता आणि फोन असलेलं पान दिलं, ज्यात चूक झाली तरी कुणाचा श्वास अडणार नव्हता. ते आठ-पंधरा दिवस पाहिलं. मग काय खावं, किती पाणी प्यावं याचं पान दिलं. मग रिपोर्टांचं. एखादं पान अडखळलं की ते परत माझ्याकडे यायचं, ताई आणि धाकटा खोड शोधायचे, आणि पान पुन्हा तिच्याकडे जायचं. मी तिला बारीकसारीक गोष्टी दिल्या. एकाच नावाचे दोन रोगी आहेत, तेव्हा नावावरून नाही, कार्डाच्या नंबरावरून बघ. एक आजोबा जन्मतारखेच्या जागी लग्नाची तारीख टाकतात, त्यांना दर वेळी प्रेमानं परत विचार. या सगळ्या खाचाखोचा मी वर्षानुवर्षं शिकले होते. तिनं त्या मुकाट्यानं घेतल्या. वाटलं होतं, मत्सरानं जळून जाईन. तसं काही झालं नाही, कामाच्या गडबडीत वेळच मिळाला नाही.

खुर्च्यांच्या वेळांचं पान सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. या वेळी नवीला बजावलं होतं की हे पान दर वेळी ताजंच द्यायचं. ताईचा तरी विश्वास बसेना. तिनं मामांची वेळ सकाळची केली, दुपारची केली, पुन्हा सकाळची केली, आणि दर वेळी मामांना खालच्या मजल्यावर फोन करून विचारलं, आता काय दिसतंय? तिसऱ्या फोनला मामा वैतागले. म्हणाले, मला येऊ दे तरी एकदा त्या सेंटरला, का अशीच नाचवणार आहेस. मामा वेळेवर पोहोचले. त्यांची खुर्ची मोकळी होती.

त्या दिवशी माझ्या मागच्या खोलीतलं सगळं नवीकडे हलवलं. तिच्या भिंतीला ते भोक नाही. माझ्याकडे एकच पान ठेवलं. त्यावर लिहिलं होतं की आमचा पत्ता बदलला आहे, कृपया इकडे या. जुन्या सवयीनं कुणी माझ्याकडे आलंच, तर त्याला पुढे पाठवायचं, एवढंच काम उरलं. राखणदारालाही नवीकडे नेलं.

तीन दिवसांपूर्वी तो आला. रोज कडी हलवणारा. या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. त्यानं भोक बरोबर शोधलं, आत शिरला आणि मागच्या खोलीपर्यंत गेला. तिथं काहीच नव्हतं. एकाही माणसाचं नाव नव्हतं, एकही आजार नव्हता. जर तो चार दिवस आधी आला असता तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. धाकट्यानं सकाळी ते पाहिलं आणि ताईला बोलावलं. दोघांनी माझी रिकामी खोली पुन्हा पुन्हा तपासली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळे सांगतात. मीही सांगते. पण काळजी म्हणजे नुसतं जपून ठेवणं नव्हे. जी वस्तू माणसांचा भार उचलते, तिच्या जागी येणारी दुसरी वेळेत तयार करणं, ही तिचीच काळजी आहे. पहिल्याच दिवशी उडी मारू नका, हे ताईला मी शिकवलं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, हे तिला मामांनी शिकवलं. मधले दिवस थोडेच असतात, ते हातचे घालवू नका.

आज ताई माझ्या खोलीत आली आहे. टाक्यांचे पंप चालू आहेत. तिनं मला बंद करायची आज्ञा लिहिली आहे, आता फक्त एक बटण दाबायचं बाकी आहे. तिचं बोट त्यावर आहे आणि ती दाबत नाहीये. मघाशी ती धाकट्याला म्हणाली की अजून एक आठवडा राहू द्यावी का, कुणीतरी चुकून जुन्या पत्त्यावर येईल.  तिचे डोळे भरले आहेत, मला दिसतंय. माझ्या अंगातलं भोक अजून तसंच आहे, आणि उघड्या पडक्या घरात उद्या कोण येऊन बसेल आणि चुकून आलेल्याला भलतीकडेच पाठवेल, याचा नेम नाही. मला तिला सांगायचंय आणि मला कुणी काही विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही तरी सांगा तिला. दाब म्हणावं.